बॅटरी अचानक बसत नाही

मा. संपादक,

गाडी बंद पडली की प्रत्येकजण हेच म्हणतो, काल तर मस्त चालू होती, आज अचानक बॅटरी बसली. खरं तर बॅटरी बऱ्याचदा आधीपासून सांगत असते, आपलं लक्ष नसतं. रात्री-अपरात्री, सोबत म्हातारी माणसं नाहीतर लहान पोरं असताना गाडी सेल्फच घेत नाही तेव्हा काय हाल होतात ते ज्याचं त्यालाच ठाऊक, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

पहिली खूण कानाला कळते. सकाळचा पहिला सेल्फ मारला की इंजिन झटकन न उठता घर्र... घर्र... करत जड फिरतं आणि मग कसंबसं चालू होतं. झालं ना चालू, म्हणून आपण निघतो, दिवसभर इंजिन गरम असल्यामुळे सेल्फ बरा लागतो आणि सकाळचं सगळं डोक्यातून जातं. त्यानंतर एक दिवस नुसतं टक टक टक येतं, इंजिन फिरतच नाही. हेडलाइट आयडलिंगला मंद आणि रेस दिली की उजळ, हेही लक्षण आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर आधी ती साफ करून क्लॅम्प घट्ट करा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. पण बॅटरी बाजूने फुगली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा, आणि जवळ काडी-सिगारेट तर अजिबात नको कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो.

अजून एक, इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला की लोक सरळ नवी बॅटरी टाकून मोकळे होतात. अहो, तो दिवा मुळात चार्जिंगचा आहे! अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला असेल, नाहीतर त्याला फिरवणारा बेल्ट सैल असेल, मग नवी बॅटरीपण उतरणारच.

घरी साधा मल्टिमीटर असला तरी पुष्कळ कळतं. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज फुल, 12.2 म्हणजे साधारण निम्मा, आणि इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला पाहिजे. मात्र उभ्या गाडीचं रीडिंग चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका, जुनी बॅटरी 12.6 दाखवते आणि सेल्फ मारताच 9 च्या खाली कोसळते. त्यासाठी लोड टेस्टच लागते, म्हणजे बॅटरीवर ताण देऊन तिचे व्होल्ट किती पडतात ते बघायचं, काही मिनिटांचं काम आहे. बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते, कडक उन्हात त्याहूनही कमी, तेव्हा तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक सर्व्हिसिंगला लोड टेस्ट करायला सांगा आणि रीडिंग बिलावर लिहून मागा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही ते न मागता द्यावं, नुसतं 'बॅटरी ओके' अशी टिक करून गाडी परत देऊ नये.

– एक वाहनचालक