विमा बाहेरून घ्या, पण चॅसिस नंबर?

नव्या गाडीच्या विम्यावर आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. चार कंपन्यांचे दर पाहून विमा घ्यावा, हा त्यातला सल्ला योग्यच. अडचण शोरूमच्या काउंटरवर सुरू होते.

गेल्या महिन्यात इथे इंदूरमध्ये गाडी घेतली. बाहेरचा विमा बराच स्वस्त पडत होता. पण पॉलिसीला गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतो, आणि तो शोरूमवाले देईनात. आधी ‘गाडी अजून यार्डात आहे’, मग ‘बाहेरच्या विम्यावर कॅशलेस मिळणार नाही’ (म्हणजे दुरुस्तीचे बिल आधी स्वतः भरा), शेवटी ‘मग सवलत विसरा’. खजराना गणपतीला पूजेचा दिवस ठरलेला, घरची मंडळी तयार. निमूटपणे त्यांचाच विमा घेतला. (नंबर त्यानंतर पाच मिनिटांत सापडला!)

सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, आणि नेमकी तिथेच ग्राहकाची निवड हिरावली जाते. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विक्रेत्याला आपला विमा ग्राहकावर लादता येत नाही. पण नंबरच दिला नाही, तर लादायची गरजच कुठे उरते?

गाडी ग्राहकाच्या नावे राखून ठेवली, की त्याच दिवशी चॅसिस नंबर लेखी देण्याची सक्ती नियामकाने करावी.

– एक वाचक, इंदूर