चि. सईस पत्र: डेरेंडिंगनचा पाद्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डेरेंडिंगनच्या चर्चचा फोटो मिळाला. खाली नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतली मराठी. वाचताना मला अजून ठेच लागते. तुझ्या त्या लिपीत 'काल' आणि 'कळ' एकच. त्यावरून दोन कानउघाडण्या करायला बसलो होतो. पण डेरेंडिंगन हे नाव शोधता शोधता प्रिमोझ ट्रुबार भेटला आणि माझीच पंचाईत झाली.

डेरेंडिंगन आज जर्मनीतल्या ट्यूबिंगन शहरात असलं तरी तेव्हा ते वेगळं खेडं होतं. तिथला हा पाद्री मूळचा स्लोव्हेनियाचा. 1508 चा जन्म, राश्चित्सा गावच्या गिरणीवाल्याचा मुलगा. तरुणपणी त्रिएस्तेला बिशप पिएत्रो बोनोमो यांच्याकडे राहिला. ते घरी लॅटिन कवी व्हर्जिल आणि विद्वान इरॅस्मस समजावून सांगत, इटालियन आणि जर्मनसोबत स्लोव्हेनमधूनही. शेतकऱ्याच्या बोलीत व्हर्जिल सांगता येतो, हे या पोराने त्या वयात कानांनी ऐकलं. विद्वान त्याची गोष्ट प्रोटेस्टंट पंथाच्या ल्यूथरपासून सुरू करतात. मला विचारशील तर ती इथून सुरू होते.

प्रोटेस्टंट विचारांपायी होणारी अटक टाळायला 1548 मध्ये तो ल्युब्लियाना (आजची स्लोव्हेनियाची राजधानी) सोडून जर्मनीत पळाला. 1550 मध्ये ट्यूबिंगनला त्याची पुस्तकं छापून निघाली, स्लोव्हेन भाषेतली पहिलीच. एक धर्मशिक्षणाचं आणि दुसरं... आमच्या भाषेत अंकलिपीच म्हण ना. पुस्तक तर काढायचं, पण त्या भाषेत वाचणारेच नव्हते, म्हणून वाचकही स्वतःच घडवायचे! धाक इतका, की लेखकाचं नाव टोपण आणि छपाईचं ठिकाण खोटंच, ट्रान्सिल्व्हानिया.

पंचवीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाच्या डोक्यात इथे वेगळंच येतं. छापखान्यातले खिळे जर्मन आणि लॅटिनपुरते. स्लोव्हेनमधले श, च, झ त्यांतच कसेबसे कोंबायचे. वर बोली गावागणिक निराळी. त्याने आपल्या मुलखातली धरली. आणि जुळाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नसणार! मी एकदा सांगलीच्या एका भजनी मंडळासाठी कानडी पदं देवनागरीत जुळवली होती. प्रूफ चार वेळा परत आलं, चौथ्यांदा शिव्यांसकट. पहिली पुस्तकं गॉथिक वळणाच्या टाइपात निघाली. 1555 पासून तो साध्या लॅटिन टाइपावर आला. शहाणा निर्णय. गॉथिक वाचून डोळे फुटतात.

1561 मध्ये त्याला सन्मानाने ल्युब्लियानाला परत बोलावलं, तिथल्या प्रोटेस्टंट चर्चचा प्रमुख म्हणून. त्याने स्लोव्हेनमध्ये चर्चची नियमावली लिहिली आणि तेच कॅथलिक राज्यकर्त्याला खुपलं. 1565 मध्ये कायमची हद्दपारी. त्यानंतरची वीसेक वर्षं डेरेंडिंगनला. आजूबाजूला सगळी श्वाबियन जर्मन, आणि घरात बसून हा माणूस स्लोव्हेन लिहितोय. नवा करार त्याने भाग भाग करत पुरा केला. ग्रीक येत नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं. अख्खं स्लोव्हेन बायबल मात्र दुसऱ्या प्रोटेस्टंटाचं, यूरी डाल्माटिनचं, 1584 मध्ये विटेनबर्गला छापलेलं, 1500 प्रती. म्हातारपणी ट्रुबार ल्यूथरच्या प्रवचनांचा अनुवाद सांगून लिहवून घेत होता. 28 जून 1586 ला गेला. ते पुस्तक मुलाने, फेलिसियानने, 1595 मध्ये छापलं.

पुढे ल्युब्लियानाच्या कॅथलिक बिशप ह्रेननी ही प्रोटेस्टंट पुस्तकं जाळली. डाल्माटिनचं बायबल तेवढं ठेवलं. आपल्याच पाद्र्यांना लागत होतं ना!

तर आता तुझ्या रोमन मराठीला कुठल्या तोंडाने नावं ठेवू? थॉमस स्टीफन्सचं मराठी काव्य, आपलं क्रिस्तपुराणसुद्धा 1616 मध्ये गोव्यात राशोलला रोमन अक्षरांतच छापलं गेलं. स्टीफन्स कॅथलिक, ट्रुबार प्रोटेस्टंट, एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिले नसते. पण अडचण सारखीच, खिळ्यांची. तुझ्या फोनमध्ये मात्र देवनागरी आहे, हे मी विसरलेलो नाही.

रविवारी चर्च उघडं असेल तर आत ट्रुबारचं स्मारक आहे, त्याचा जवळून फोटो काढ. त्यावरची अक्षरं नीट दिसू देत, मला वळणं बघायची आहेत. खाली रोमनमध्ये लिहिलंस तरी चालेल. फक्त 'काल' की 'कळ' ते सांग. आई मेतकूट पाठवतेय.

तुझा
बाबा