हप्ता पुण्याच्या पगारावर मोज

कोथरूड, पुणे
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय अव्या,

तुझा प्रश्न दोन ओळींचा होता : आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना पुण्यात घरासाठी कर्ज किती मिळतं आणि कागद काय काय लागतात. त्याचं उत्तर मेसेजमध्ये बसेना, म्हणून आज रविवारी सकाळी बाबांच्या टेबलावर पत्रच लिहायला घेतलं. गेल्या मंगळवारी, १३ तारखेला, बँकेचा चेक घर विकणाऱ्या काकांच्या हातात पडला. पौड रोडच्या आतल्या गल्लीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, वनाज मेट्रो स्टेशन पायी दहा मिनिटांवर, आईबाबांचं घर त्याहून जवळ. फेब्रुवारीत सुरू केलेलं काम ऑगस्टमध्ये संपलं. या सहा महिन्यांत जे कळलं ते सगळं तुला सांगतो.

आधी किती मिळतं ते. रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे : ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, ती स्वतःच्या खिशातून. आमचा फ्लॅट ९५ लाखांचा. माझ्या म्युनिकच्या पगारपत्रकावर बँक ७५ लाख द्यायला एका पायावर तयार होती. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, महिन्याला ६५ हजारांचा हप्ता. युरो तेव्हा नव्वदीच्या आसपास होता, म्हणजे सव्वासातशे युरो. आम्ही तिकडे भाडंच त्याच्या दुप्पट देतो. बँकेतला अधिकारी फोनवर म्हणाला, “सर, तुमच्या पगाराला हे जाणवणारसुद्धा नाही.” तो म्हणाला ते खरंच होतं. मीही ‘हो’ म्हणून टाकलं होतं.

त्या रात्री हिने एकच प्रश्न विचारला : “आणि आपण परत गेल्यावर?”

अव्या, माझ्या मते सगळं याच प्रश्नावर आहे. घर कशासाठी घेतोय? परत यायचंय म्हणून. मग हप्ता परत आल्यावरच्या पगारावर मोजायला नको का? आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. चाकणला माझ्या अनुभवाच्या माणसाला हातात किती पडतं ते दोघातिघांना विचारलं होतं. दीड लाख धरले. हिची नोकरी इथे लगेच लागेल असं धरलं नाही. मुलीची शाळा, आईबाबांची औषधं आणि दवाखाना, गाडी, किराणा. त्यातून ६५ हजार वजा केल्यावर जे उरलं त्यात चौघंपाचजणांचा महिना निघत नव्हता. ४५ लाखांच्या कर्जाला हप्ता येतो ३९ हजार. तो निघत होता, थोडी ओढाताण होऊन का होईना. म्हणून ४५ घेतले. नऊ वर्षांच्या एनआरई ठेवी (परदेशातल्या कमाईच्या, इथल्या बँकेतल्या) मोडल्या, हिने तिच्याही मोडल्या. मन जड झालं, पण झोप लागते.

हे मी एवढं ताणून सांगतोय, कारण माझ्या ओळखीतल्या एकाचे हाल डोळ्यांसमोर आहेत. त्याची आई इथे एकटी असते. तीन वर्षं तो परत येऊ म्हणतोय. बाणेरला मोठा फ्लॅट घेऊन ठेवलाय, हप्ता लाखाच्या वर. इथे मिळणाऱ्या पगारात तो हप्ता भरता येत नाही आणि आत्ता विकला तर घातलेले पैसे निघत नाहीत. म्हणून तो तिकडेच आहे. दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतो आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोलत नाही. परत येण्यासाठी घेतलेल्या घरानेच त्याला तिकडे अडकवलंय.

तुझं तर माझ्याहून नाजूक. माझ्या नोकरीच्या कराराला शेवटची तारीख नाही. त्यावरूनही बँकेने आठवडा खाल्ला. फॉर्ममध्ये ‘करार संपण्याची तारीख’ असा रकाना होता आणि तो रिकामा चालत नव्हता, शेवटी कंपनीकडून इंग्रजीत पत्र आणावं लागलं. पण तुझा दुबईचा व्हिसा नोकरीलाच बांधलेला आहे. नोकरी गेली तर पगार लगेच जातो, राहण्याचा हक्कही थोड्याच दिवसांचा उरतो, आणि हप्ता तेवढा पुण्यात सुरू राहतो. तू ८० लाखांचं बोलतो आहेस. कृपा करून एकदा वहिनींना घेऊन कागदावर इथला महिना मांड. खोटा फुगवलेला पगार धरू नकोस.

व्याजदराचंही बघून ठेव. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं कर्ज बहुतेक बँकांत रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याला) जोडलेलं असतं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. नऊ महिन्यांत अडीच टक्के! अशा वेळी बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत नेतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारायला हवं. तू ‘हप्ता वाढवा’ असं आधीच लिहून दे. आणि फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, त्यामुळे तिकडे आहेस तोवर उरलेला प्रत्येक दिरहम मुद्दलात टाक. आम्ही तेच करणार आहोत.

करात सूट मिळते असं तुझा भाऊ म्हणाला ना? ते गणित इथल्या पगारदाराचं. आपलं भारतातलं करपात्र उत्पन्नच जेमतेम, वजावट घेणार कशातून? त्या भरवशावर एक रुपयाही धरू नकोस.

आता कागद. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, पगाराच्या पावत्या, तिकडच्या बँकेचं खातेविवरण, तिकडचा क्रेडिट रिपोर्ट, ही यादी बँक देईलच. तुझं कॉलेजपासूनचं बचत खातं अजून तसंच असेल तर ते आधी एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं खातं, करून घे, आपल्याला साधं खातं ठेवायला परवानगी नाही. पैसे पाठवशील ते बँकेमार्फतच, आणि त्याचे दाखले जपून ठेव. पुढे कधी घर विकून रक्कम बाहेर न्यायची झाली तर तेच लागतात.

खरा घोळ होतो तो मुखत्यारपत्रात, म्हणजे आपल्या वतीने सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला देतो त्या कागदात. मी मार्चमध्ये एका वकिलाच्या नमुन्यावरून बाबांच्या नावे केलं, कॉन्सुलेटमध्ये सही करून पाठवलं. इथे बँकेने परत केलं, कारण त्यात खरेदीचे अधिकार होते पण कर्ज घेण्याचे आणि मिळकत गहाण ठेवण्याचे स्पष्ट लिहिलेले नव्हते. पुन्हा कॉन्सुलेटची वेळ, पुन्हा कुरिअर, दीड महिना गेला. तेव्हा बँकेचा मसुदा आधी मागव, मग सही कर. आणि पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे विसरू नकोस.

आणि मुखत्यार कोणाला करतोस याचा विचार कर. माझे बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. विकणाऱ्या काकांच्या १९९४ च्या करारनाम्याची मूळ नोंदणी पावती सापडेना, तेव्हा काकांबरोबर पोलीस चौकीत हरवल्याची तक्रार द्यायला बाबा गेले, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस त्यांनी दिली, वकिलाचा शोध अहवाल त्यांनीच आणला. जूनमध्ये करारनाम्याची नोंदणी. अकराचा नंबर, म्हणजे म्युनिकला सकाळचे साडेसात. मी फोन हातात घेऊन कामावर निघालो. दुपारी बाबांनी फोटो पाठवला : टेबलावर एक ओला रुमाल आणि त्यांचा उजवा अंगठा. मशीनला ठसाच लागत नव्हता. रेषा झिजल्यात. चाळीस वर्षं त्यांनी लेथवर काम केलंय, अव्या. कारकुनाने सांगितलं म्हणून रुमालाने पुसून, फुंकर मारून, पुन्हा पुन्हा दाबत होते. साडेचारला एकदाचा ठसा लागला. संध्याकाळी मला म्हणाले, “झालं काम, काळजी करू नकोस.” पाय सुजलेत हे आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच दिवशी मी तिकीट काढलं आणि कर्जाचे कागद स्वतः येऊन केले. तूही मोठ्या सह्यांच्या वेळी ये. तुझ्या भावाला मुखत्यार कर, काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, नको.

खर्चाचा आकडाही लिहून ठेव. दोघांच्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ६५ हजार. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. पन्नास लाखांच्या वरच्या घराला विकणाऱ्याच्या करापोटी १ टक्का टीडीएस आपण त्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा. पण विकणारा आपल्यासारखा परदेशस्थ असेल तर तो दर कितीतरी जास्त असतो, हे बोलणी करतानाच विचार. कर्जासाठी कागद बँकेत गहाण पडले की तीस दिवसांत त्याची नोटीस नोंदवावी लागते, त्याचं शुल्क वेगळं. तयार घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घेतलंस तर ५ टक्के, आणि महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर आधी बघ, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नकोस.

तू पाठवलेली ती नदीकाठची जाहिरात मी बाजूला ठेवली. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. बँकेचा वकील कागद तपासतो, पाणी कुठवर येतं ते बघत नाही. महापालिकेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, ती बघितल्यावरच पुढचं बोलू. तू म्हणशील तर मी निघायच्या आधी, शनिवारी, तिथे जाऊन आजूबाजूच्या दुकानदारांशी बोलून येतो.

बँकेने मान्य केलेल्या मुखत्यारपत्राचा मसुदा सोबत जोडलाय. चौथं आणि सहावं कलम नीट वाच, गहाणाचं तिथे आहे. मी २५ तारखेपर्यंत इथे आहे. तुझ्या बाबांना फोन करायचा असेल तर सकाळी दहाच्या आत करतो, नंतर ते फिरायला जातात. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
मन्या