ईराचा ल

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं असतं तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून मेल लिहितोय. चहा घेऊन बस.

तू लिहिलंस की तुझी ईरा म्हणते, आजीचा ल वेगळा आणि ॲपमधला वेगळा. ईराचं बरोबर आहे. आजीचा, म्हणजे काकूंचा ल आणि आमच्या अक्षरं गिरवायच्या ॲपमधला ल वेगळे आहेत, आणि चूक आमची आहे. काकूंना सांग, मी कान धरलेत. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला उजवीकडे दंड घेऊन उभा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या यादीतल्या क्रमांकांनी अक्षरं ओळखतो तिच्यात, मात्र दोघांना क्रमांक एकच. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगावं लागतं. आम्ही सांगितलंच नाही. तेवढंच असतं तर एका ओळीत भागलं असतं रे. पण गिरवायचे ठिपके, कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं ते बाण, सगळं आम्ही त्या दंडवाल्या ल वर हाताने बसवलेलं. श चंही तेच. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा, असा शासन निर्णय २०२२ सालीच निघालाय. त्याची पीडीएफ माझ्या लॅपटॉपवर पडून होती. उघडली नव्हती, एवढंच.

तू विचारलंस धंदा कसा चाललाय. तिघं आहोत अजून. कोड माझा, चित्रं मुग्धाची, आवाज तिच्या आईचा. रेकॉर्डिंग गोदरेजच्या कपाटात, भोवती गोधड्या लावून. तरी 'ज्ञ'च्या मागे कुकरची शिट्टी आलीच. ती काढली तर एका पोराने विचारलं, शिट्टी कुठे गेली? परत घातली.

पोरांचं हे असंच असतं. ॲपमधला पाटीचा खेळ बनवला तेव्हा सगळा जीव गिरवण्यात ओतला होता. शेजारची चार वर्षांची चिमी मांडीवर टॅबलेट घेऊन बसली. डावा पंजा काचेवर टेकलेला, त्यामुळे उजव्या बोटाची रेघ भलतीकडे उड्या मारायची. (ते दुरुस्त करायला तीन आठवडे गेले.) चिमीला त्याचं काही नव्हतं. तिने एकदा तळव्याने पाटी पुसली, खडूची पांढरी धूळ पसरली, आणि पुढचा अर्धा तास ती फक्त पुसत होती. मला आपण दोघं आठवलो, थुंकी लावून पाटी पुसणारे आणि बाईंचा मार खाणारे.

पोरांची ॲप्स बनवणाऱ्या स्टॉकहोमच्या टोका बोका कंपनीला हे आधीच कळलं होतं. २०११ मधलं त्यांचं चहापार्टीचं ॲप बघ: टॅबलेट म्हणजे टेबल, भोवती बाहुल्या बसवायच्या, चहा ओतायचा, सांडला तर सांडला. गुण नाहीत, हरणं नाही. आम्हीही मग 'शाब्बास'चे तारे काढून टाकले. त्यावर एका बाबांनी एक तारा दिला, "प्रगती दिसत नाही" म्हणून.

पैशाचं म्हणशील तर, आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांकडून ॲपल आणि गूगल या दोन्ही ॲप स्टोअरनी २०२१ मध्ये ३० ऐवजी १५ टक्के कापायला सुरुवात केली, तेवढाच दिलासा. जाहिराती घेत नाही, कारण त्या वयात बोट कशावरही पडतं. खरेदीच्या दाराशी मोठ्यांसाठी एक कोडं असतं. आम्ही 'तीन चोक किती' ठेवलं, तर दुसरीतला एक पठ्ठ्या पाढा म्हणत आत शिरला! आता एकोणतीसचा पाढा लावलाय. त्यात आईबाप अडकतात, त्यांच्या तक्रारी येतात.

आता एक काम कर. काकू तिकडे आहेत तोवर त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर मोठा ल काढून घे, श सुद्धा, आणि हात कुठून सुरू होतो, कुठे उचलतो, याचा व्हिडिओ काढून पाठव. ठिपके नव्याने बसवायचेच आहेत, तर त्यांच्याच ल वर बसवतो. मुग्धा तयार आहे. फक्त काकूंना आधी सांगू नकोस कशासाठी ते, नाहीतर त्या फार जपून काढतील.

वहिनींना नमस्कार, ईराला पापा.

तुझा,
बंड्या