मोती खांदेरीवर पोचला

अलिबाग,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही, मान्य. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच हसत सुटला असतास आणि मुद्दा राहिला असता, म्हणून लिहितोय. प्रकृतीचं म्हणशील तर गुडघा आहे तसाच, शुगर काबूत, मोतीबिंदू काढला. झालं.

काल मी खांदेरीला गेलो होतो. हो, बेटावर. थळच्या वाळूत बसून ज्या दिव्याची उघडझाप आपण श्वास रोखून मोजायचो, त्या दिव्याच्या पायथ्याशी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पोचलो. पोहून जाणार होतास ना तू? मी होडीने गेलो. ओहोटीत चढलो, पँट गुडघ्यापर्यंत भिजली, बाकी प्रवास झकास.

हौस म्हणून नाही गेलो. इथे सहली काढणारी काही पोरं आहेत, त्यांना पर्यटकांना वाटायला एक पत्रक छापायचंय. ‘सर, तुम्ही इतिहास शिकवायचात, एकदा नजर घाला,’ म्हणाले. आधी बेट बघून घ्या म्हणून फुकट नेलं. पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक मुंबईची. वाटाड्या पंचविशीतला, आवाज खणखणीत. धक्क्यावर उतरल्यावर वेताळाचं देऊळ दाखवलं, तो वाजणारा दगड दाखवला. खरंच वाजतो रे! विलासकाका सांगायचा तेव्हा आपण त्याला थापाड्या म्हणायचो. लहान दगडाने ठोकलं की पितळी भांड्यासारखा नाद येतो. विलासकाकाची मनातल्या मनात माफी मागितली. चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा पाहिल्या. मग टेकडी चढून दीपगृहापाशी आलो आणि तो पोरगा आवाज खाली आणून म्हणाला, ‘आता ऐका. दोनशे वर्षांपूर्वी इथे एक दिवेवाला होता. एका पायाने लाकडी...’

माझे पायच गळाले. पुढचं तुला सांगायला नकोच. वादळाची रात्र, विझलेला दिवा, फुटलेलं गलबत, आणि दर अवसेला कंदील घेऊन तटावरून फिरणारा लंगडा. टक, टक, टक. सगळं शब्द न् शब्द आपलं! आठवीच्या सुट्टीत, तुझ्या ओटीवर, तुझ्या त्या मुंबईच्या भावंडांना घाबरवायला रचलेलं.

मला वाटलं, योगायोग असेल. लंगडी भुतं काय, कुठेही असतात. तेवढ्यात तो म्हणाला, ‘त्याच्यासोबत एक फाटक्या कानाचा कुत्रा असायचा. मोती.’

सुध्या, मी आयुष्यभर वर्गात पोरांना विचारत आलो, पुरावा काय? आणि काल माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, तर ‘कान कुठला?’ त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘डावा.’

डावाच होता. हे तू तेव्हाही ठासून सांगितलं होतंस आणि मी उगाच उजव्यावर अडून बसलो होतो. लाकडी पाय माझा, कुत्रा तुझा. गोष्टीत कुत्रा नको, भुताचा धाक जातो, असं माझं म्हणणं. ‘पण कुत्रा बेटावर जाईल कसा?’ म्हटल्यावर तू म्हणालास, ‘पोहत.’ त्यावरून चार दिवस अबोला. त्या जूनमध्ये मोती गेला तो परत आलाच नाही, आणि मी तुझ्याशी भुताच्या धाकावरून वाद घालत होतो. गाढव होतो. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तू माझा भोवरा परत दिला नव्हतास. अजूनही दिलेला नाहीस.

आता अडचण ऐक. ते पत्रक माझ्या टेबलावर पडलंय. त्यात १६७९ ला तीन ओळी आणि आपल्या लंगड्याला अकरा. शीर्षक काय, तर ‘खांदेरीची प्राचीन दंतकथा’. प्राचीन! तुझ्या ओटीवरचा पिवळा बल्ब आठवतोय का तुला? प्राचीन म्हणे.

बरं, सालांचा तरी मेळ बसावा? हे दीपगृह १८६७ चं. अष्टकोनी दगडी मनोरा, पंचवीस मीटर उंच. अजून १६० वर्षंही धड झालेली नाहीत, म्हणजे आपला दिवेवाला दिवा बांधायच्या आधीच मेला. एका बाईंनी विचारलं, ‘हा कान्होजींचा माणूस होता का?’ बेटाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे ना, त्यावरून. पोरगा बेधडक हो म्हणाला. कान्होजी १७२९ मध्ये वारले रे! मी खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिलो. सँडल घातले होते.

आणि खरं काय घडलंय इथे! मुंबई बंदराच्या तोंडाशीच हे बेट, म्हणून महाराजांनी १६७९ च्या ऐन पावसाळ्यात मायनाक भंडाऱ्याला इथे तट बांधायला धाडलं. इंग्रज हादरले, जहाजं आणून वेढा घालून बसले. ती थोरली जहाजं वारा पडला की जागची हलेनात, आणि आपल्या उथळ होड्या वल्ही मारत रात्रीत मधून निसटायच्या, दाणागोटा आणि माणसं बेटावर उतरवायच्या. भिंत चढतच गेली. ऑक्टोबरात झुंज झाली तेव्हा ‘डव्ह’ नावाचं त्यांचं एक गलबतच आपल्या लोकांनी धरून आणलं. शेवटी इंग्रज माघारी गेले. सिद्दीने मात्र समोरची उंदेरी बळकावली. वरून दोन्ही बेटं एका नजरेत दिसतात, तेव्हा कळतं की हे भांडण किती जवळून चाललं असेल. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यात खांदेरी आहे ती ह्यासाठी. लंगड्यासाठी नव्हे.

दिव्याचंही तेच. दिवा विझतो आणि कोणाला पत्ताच नाही, हे आपण किती सहज ठोकून दिलं होतं! जुन्या दीपगृहांत भिंगाचं अवजड कडं फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं. साखळीला टांगलेलं वजन खाली उतरेल तसं ते फिरायचं. वजन तळाला गेलं की पुन्हा वर ओढा, रात्रभर. झोपायची सोयच नाही. कित्येक ठिकाणी ते कडं पाऱ्यावर तरंगत ठेवलेलं, म्हणजे बोटाने ढकललं तरी फिरेल. आणि दिवसा भिंगांना पडदे लावायचे, नाहीतर उन्हाने उलट आतच आग लागायची. हे आपल्याला आठवीत ठाऊक असतं तर काय गोष्ट झाली असती! पडद्याला लागलेली आग तर मी नक्कीच घातली असती.

म्हणजे कापून टाकायला माझ्याकडे कारणं ढीगभर आहेत. लाल पेन उघडून बसलो होतो. पण उतरताना एक गोष्ट पाहिली, ती डोक्यातून जात नाही. सहा-सात वर्षांची एक मुलगी रांगेतून मागे राहिली, पर्समधून ग्लुकोजचं बिस्किट काढलं आणि तटाच्या फटीत ठेवलं. आईने हटकलं तर म्हणते, ‘मोतीला.’ वाटाड्या हसून म्हणाला, पुष्कळ मुलं ठेवतात. फटीत आधीचा चुरा होता, मुंग्या लागलेल्या.

त्या पोराला मी विचारलं, ही गोष्ट तुला कुणी सांगितली? म्हणाला, आजोबांनी. आजोबा थळचे नाखवा. कोण ते तू ओळखशीलच. आपण त्यांच्या पोराकडून गोष्टीच्या बदल्यात सुकी कोलंबी उकळायचो.

मग सांग, काय करू? ‘दंतकथा’ ठेवून ‘प्राचीन’ तेवढं खोडू? खाली खरं लिहू, की ही दोन कार्ट्यांनी रचली? तसं लिहिलं तर पुढच्या पोरीच्या बिस्किटाचं काय? आणि न लिहावं तर भाऊ मास्तर वरून छडी उगारून बघतायत असं वाटतं. ही म्हणते, एवढं काय त्यात, सही कर आणि झोप. तिला काय सांगू मी? तिने मोतीला पाहिलेलं नाही.

तुझं लिहायला जागाच उरली नाही. चिनूला हवी ती शाखा मिळाली का? गच्चीची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार. नागपुरात ऊन तापायच्या आत इकडे या, पावसाळ्यात होड्या बंद असतात.

पत्रक बुधवारी द्यायचंय. माझा लंगडा मी कापायला तयार आहे. कुत्र्याचं तू ठरव.

तुझा,
नंद्या

ता. क. भोवरा.