उंच केलेल्या जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतरस्ते आणि घाटवाटा यांसाठी जुन्या फोर-बाय-फोर पिकअप व जीप उंच करून घेण्याचे प्रमाण आमच्या भागात वाढले आहे. उंची किती वाढणार आणि टायर कोणते बसणार यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास चर्चा होते. पण या बदलाने स्टेअरिंगचे काय होते, हे मालकाला क्वचितच सांगितले जाते.

या गाड्यांचा पुढचा ॲक्सल बहुधा सलग असून पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेला असतो. जुन्या विलिस घराण्यातील जीपप्रमाणे ज्यांचे शॅकल (पाटा चासीला जोडणारे झुलते दुवे) पाट्याच्या पुढच्या टोकाला आहेत, त्यांना लांब शॅकल लावले की ते टोक खाली जाते, ॲक्सल पुढे कलतो आणि किंग पिनचा (जिच्याभोवती पुढचे चाक वळते त्या खिळीचा) मागे झुकलेला कोन, म्हणजेच कॅस्टर, घटतो. हा कोन मुळातच सुमारे तीन अंशांचा. त्यातले दोन गेले तर वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि हमरस्त्यावर गाडी भरकटू लागते. शिवाय ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी दांडी) तिरकी होत असल्याने खड्ड्यात पाटे दबले, की चालकाने हात न हलवताही चाके थोडी वळतात. त्यात रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिम यांचा भार झिजलेल्या टाय रॉड एंडवर (पुढची चाके जोडणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यावर) पडला, तर पुलावरच्या एखाद्या सांध्याचा धक्काही पुढची दोन्ही चाके थडथडायला पुरेसा होतो आणि वेग कमी केल्याखेरीज ती थांबत नाहीत.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर). माझ्या मते, हा उपाय नव्हे, दोष झाकणे आहे. थरथर काही महिने दबते, झीज मात्र चालूच राहते. अलाइनमेंटवालेही बहुधा टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली ठेवणे) जुळवून गाडी परत देतात, कारण सलग ॲक्सलचा कॅस्टर नट फिरवून बदलत नाही. त्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य अंशांची पाचर बसवावी लागते, आणि ती बसवताना पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडणार नाही, हेही पाहावे लागते. एवढा खटाटोप कोण करणार?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि 2019 च्या दुरुस्तीने दंडाची तरतूदही झाली आहे. तरीही तपासणीपुरते जुने टायर चढवणारे महाभाग आहेतच. टायर बदलता येतात, झिजलेले सांधे मात्र लपत नाहीत. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली शिरून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. ढिला सांधा बोटांना लगेच कळतो. त्यानंतर चाक जॅकवर घेऊन वरून-खालून हलवले, की किंग पिनच्या बेअरिंगचा ढिलेपणाही उघड होतो.

आठ वर्षांवरील मालवाहू पिकअपना योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या वेळी या दोन्ही चाचण्या कटाक्षाने केल्या जाव्यात आणि मोजलेला कॅस्टर अहवालात लिहून द्यावा, अशी परिवहन विभागाला विनंती आहे. उंच केलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही सौद्याआधी हा आकडा मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, सातारा