वळताना मागून खरखर आली म्हणजे क्राऊन गेलं असं नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

टाटा झेनॉन फोर-बाय-फोरसारख्या पिकअपमध्ये मागच्या हौसिंगात, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गियरच्या बंद डब्यात, लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल, म्हणजे एलएसडी असतं. डिफ्रन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं; एलएसडी त्या फरकाला थोडी आडकाठी करतं. या गाड्या आता सेकंडहँड बाजारात फिरतात आणि त्यांच्या मालकांचा एक खर्च वारंवार फुकट जातो. वळताना मागून खरखर आली की ‘क्राऊन-पिनियन (इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारे मुख्य गियर) गेलं’ म्हणून हौसिंग उघडायचं, धडधाकट गियर बदलायचे, आणि आवाज मात्र तसाच. हौसिंगला पाना लावण्याआधी तेल आणि टायर पाहिले तर बहुतेक वेळा हा खर्च टळतो.

एलएसडीत क्लचसारख्या पातळ प्लेटा असतात. एकाआड एक प्लेट डिफ्रन्शियलच्या केसमध्ये अडकलेली, तिच्या शेजारची चाकाचा शाफ्ट फिरवणाऱ्या साइड गियरवर. एक चाक चिखलात नुसतंच फिरू लागलं की या प्लेटांच्या घर्षणामुळे दुसऱ्या चाकालाही ताकद मिळते. पण वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, तेव्हा प्लेटांनी एकमेकींवर घसरायलाच हवं. साधं 90 नंबरचं तेल असेल तर त्या अलगद घसरत नाहीत. धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. गाडी तापल्यावर, कमी वेगात, पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना जो थरथराट जाणवतो तो हाच. याउलट सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच चढणारी आणि सोडताच बदलणारी घूं-घूं असेल, तर क्राऊन-पिनियनचा संशय रास्त आहे. गाडी जागेवरून निघताना ‘ठक्’ वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गियरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, पाहावेत.

तेल गाडी चालवून कोमट झाल्यावर काढावं. भरण्याचा नट सुटतो याची खात्री केल्याशिवाय खालचा नट सोडू नये. खालच्या नटाच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं ठीक. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र हौसिंग उघडावंच लागेल. तेल काळं आणि जळका वास येणारं असेल तर प्लेटा तापल्या आहेत. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हौसिंगच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून) पाणी आत खेचलं जातं. कोकणात आणि घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर नळी जोडून वर नेलेला बरा. तो चिखलाने बुजला तर आतला दाब सीलमधून तेल ढकलतो आणि ते थेट ब्रेक लायनरवर येतं.

नवं तेल जीएल-5 दर्जाचं आणि डब्यावर लिमिटेड स्लिप लिहिलेलं घ्यावं. त्याचा नंबर मॅन्युअलप्रमाणे. साधं जीएल-5 असेल तर वेगळा फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटा अलगद घसरू देणारं तेलात मिसळायचं द्रव्य, घालावा. दोन-अडीच लिटर तेलाला साधारण 100 ते 120 मिली पुरतो, तरी बाटलीवरचं प्रमाण अंतिम मानावं. जास्त घातला तर प्लेटा धरतच नाहीत आणि एलएसडी असून नसल्यासारखं होतं. मग मोकळ्या मैदानात हळू वेगाने इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा फेऱ्या माराव्यात, म्हणजे तेल प्लेटांमध्ये पोहोचतं.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक नवा, एक गुळगुळीत असेल तर सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घासत राहतात. टेपने घेर मोजा. 6 मिमीहून जास्त फरक नको.

प्लेटा झिजल्यात का, हे हौसिंग न उघडता कळतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, गियर न्यूट्रल, ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांना ताकद जोडणारा गियरबॉक्स) टू-व्हील ड्राइव्हवर, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचलून जॅकस्टँडवर घ्या आणि टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) हबवरून फिरवा. किती जोराला चाक हलू लागतं, तो आकडा मॅन्युअलशी ताडा. अमेरिकेतल्या फोर्ड पिकअपच्या 8.8 इंची हौसिंगला वापरलेल्या प्लेटांसाठी किमान 27 न्यूटन-मीटर धरतात. चाक हाताने सहज फिरलं तर प्लेटा संपल्या. नव्या प्लेटा बसवण्याआधी अर्धा तास मॉडिफायरमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर जळण्याची भीती असते.

महिंद्रा थारमधलं ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल या प्रकारातलं नाही. दोन चाकांच्या फिरण्यात सुमारे 100 आरपीएमचा फरक पडला की ते आवाज करून लॉक होतं. तो आवाज बिघाडाचा नाही.

टायरवाल्यांना कळकळीची विनंती: एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गियर टाकू नका. जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर नुसतं ‘गियर ऑइल’ न लिहिता दर्जा, नंबर आणि मॉडिफायर घातला की नाही, हे लिहावं. पुढच्या मिस्त्रीचं निदान तिथूनच सुरू होतं.

आपला,
एक ऑटोमोबाइल अभियंता, सांगली